अपेक्षित उपयोग-कालावधी : दहा वर्षे

सदर घरातील संगणकाचे ग्राफिक्स कार्ड अकरा वर्षांचे झाले होते आणि ते बदलणे आवश्यक होते, याविषयी घरात कोणाचेही दुमत नव्हते. हे आरंभीच नमूद करणे भाग आहे. पुढे जे घडले ते मतभेदातून घडले, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः ते पहिल्यापासून अखेरपर्यंत एकमताने घडले.

घर एका निवृत्त खरेदी अधिकाऱ्याचे होते. छत्तीस वर्षांच्या सेवेत त्यांच्या एकाही खरेदीवर लेखापरीक्षणात आक्षेप निघालेला नव्हता. निरोपसमारंभात हा विक्रम जाहीर झाला तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या छत्तीस वर्षांत पूर्ण झालेल्या खरेद्यांची संख्या किती, हे तिथे कोणी विचारले नाही. टाळ्या वाजवणारे दोघे-दोघे एकेका खुर्चीवर बसलेले होते. त्यांनाही हे सुचले नाही.

निवृत्तीनंतर माणसे फुलझाडे लावतात, सकाळी फिरायला जातात, नातेवाइकांच्या चुका काढतात. साहेबांनी (हे संबोधन घरातही रूढ होते) कार्यालय घरी आणले. जेवणाच्या टेबलाची खिडकीकडची बाजू ‘आवक’ झाली आणि स्वयंपाकघराकडची ‘जावक’. खिडकीकडच्या खुर्चीत बसले असता ते पत्नीला ‘अर्जदार’ म्हणत. स्वयंपाकघराकडच्या खुर्चीत बसले की ‘अगं’. पत्नीने एकतीस वर्षे दूरध्वनी केंद्रात लोकांचे फोन जोडून देण्यात घालवली होती, त्यामुळे तिला या व्यवस्थेत फारसे नवे काही वाटले नाही. तिथेही दोन्ही बाजूंचे लोक तिच्यामधूनच बोलत आणि तिच्याशी कोणी बोलत नसे.

संगणक मुलाचा. त्याने तो खेळांसाठी एकेक भाग निवडून जुळवून घेतला होता. पुढे तो जहाजावर नोकरीला गेला. संगणक आणि सून घरी राहिले. संगणक आईने ताब्यात घेतला. रोज दुपारी चार वाजता ती कानाला हेडफोन लावून त्यावर ट्रक चालवत असे.

ती एकटी चालवत नसे. तिच्या पुढे तिच्या धाकट्या भावाचा ट्रक असे. या भावाने अठ्ठावीस वर्षे लांब पल्ल्याचे खरे ट्रक चालवले होते. लहानपणी तोंडाने हॉर्न वाजवत घरभर हिंडायचा म्हणून त्याचे नाव ‘भोंग्या’ पडले, ते साठीतही सुटले नव्हते. मधुमेहाने त्याचा डावा पाय गुडघ्याखालून गेला, नंतर मूत्रपिंडांनीही हात टेकले. आठवड्यातले तीन दिवस सकाळी डायलिसिस आणि उरलेल्या वेळात पलंग, एवढाच त्याचा मार्ग उरला होता. पलंगाला आडवी फळी अडकवून तिच्यावर त्याने खेळातले स्टेअरिंग बसवले होते. बहिणीच्या घरापासून तो पूर्ण एका दिवसाच्या प्रवासाइतका दूर राहत होता. चार ते सहा मात्र तो तिच्यापासून फार तर चाळीस मीटरवर असे.

“ताई, पुढे उतार आहे. गिअर खाली घे. ब्रेकवर नाचू नकोस.”

“तू ना, सासूसारखा मागे लागतोस.”

“मागे कुठे, पुढे आहे मी. आरशात दिसतेस म्हणून बोलतो. दिसली नाहीस की धस्स होतं बघ.”

अलीकडे ती दिसेनाशी होऊ लागली होती. वळणावर चित्र थिजायचे आणि सुटायचे तेव्हा तिचा ट्रक वीस टन सिमेंटासह कोणाच्या तरी शेतात उभा असायचा. त्यातच खेळाच्या कंपनीची सूचना आली. अडीच महिन्यांनी, एक तारखेपासून, नवी आवृत्ती सुरू होईल. जुनी त्याच दिवशी बंद होईल. आणि नवी आवृत्ती इतक्या जुन्या कार्डावर मुळीच चालणार नाही.

“अहो, कार्ड बदलायला हवं,” ती म्हणाली.

साहेब खिडकीकडच्या खुर्चीत होते. त्यांनी चष्मा काढला. “तोंडी?”

अर्जाचे प्रपत्र त्यांनी स्वतः आखून दिले. त्यात नऊ रकाने होते. अर्जदाराने सहा रकाने सरळ भरले आणि सातव्यापाशी तिचे पेन थांबले. सातवा रकाना होता : ‘अपेक्षित उपयोग-कालावधी’.

या प्रश्नाचे उत्तर तिला ठाऊक होते. तीन आठवड्यांपूर्वी भोंग्याच्या डॉक्टरांनी तिला फोनवर सांगितले होते, “हा हिवाळा निघेल असं वाटतं. पुढचं मी बोलत नाही.” तेव्हा कार्ड किती काळ चालायला हवे, याचे अचूक, वैद्यकीय आणि अधिकृत उत्तर ‘हा हिवाळा’ असे होते. परंतु आपल्या सख्ख्या भावाविषयी आपल्या हाताने कागदावर असे लिहिणारी बहीण अजून जन्माला यायची आहे. तिने थोडा वेळ रकान्याकडे पाहिले आणि ठसठशीत अक्षरांत लिहिले : दहा वर्षे.

ते देवाकडचे मागणे होते. साहेबांनी ते खरेदीचा विनिर्देश म्हणून वाचले.

डॉक्टर काय म्हणाले हे साहेबांनाही माहीत होते. फोन बैठकीच्या खोलीत होता आणि ती फोन ठेवून बराच वेळ तिथेच बसली होती, तेव्हा त्यांनी तिला पाणीही आणून दिले होते. पण ती माहिती तोंडी होती.

“दहा वर्षे,” साहेब समाधानाने म्हणाले. “म्हणजे कार्ड दीर्घकाळ टिकणारे हवे. योग्य अपेक्षा आहे. आता प्रयोजन पाहू. ‘भावासोबत खेळ’. हे नाही चालणार. आक्षेप येईल.”

“कोणाचा?”

“कोणाचा हे महत्त्वाचं नसतं. तो येतो.”

“बाबा, तुम्ही निवृत्त झालात,” सून भाजी निवडता निवडता म्हणाली. ती एका रक्ततपासणी प्रयोगशाळेत कामाला होती आणि नमुना आला की तासाभरात अहवाल द्यायचा, या वाईट सवयीत वाढली होती. “आता आपल्या घराचं ऑडिट कोण करणार आहे?”

हा प्रश्न तिने विचारायला नको होता. त्याच संध्याकाळी शेजारचे निवृत्त लेखापरीक्षक समितीवर आले. सेवेत असताना या दोघांनी एकमेकांना पाण्यात पाहिले होते. एकाच्या धाकाने दुसऱ्याने छत्तीस वर्षे काही घेतले नव्हते, आणि दुसऱ्याच्या सावधपणामुळे पहिल्याला छत्तीस वर्षे काही सापडले नव्हते. निवृत्तीनंतर दोघांनाही एकमेकांवाचून करमेनासे झाले होते. लेखापरीक्षक आले ते लाल शाईचे पेन खिशाला लावूनच. साहेब अध्यक्ष, लेखापरीक्षक सदस्य, आणि सुनेच्या हातातून भाजी काढून घेऊन तिला इतिवृत्त लिहिण्यास बसवण्यात आले.

“वहिनी, तुम्ही नेमकं करता काय त्या संगणकावर?” लेखापरीक्षकांनी विचारले.

“ट्रक चालवते.”

“मग मनोरंजन कशाला लिहायचं? दळणवळण लिहा.”

साहेबांनी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहिले, तशा नजरेने त्यांनी लग्नातही कोणाकडे पाहिले नसावे. परंतु दळणवळण म्हटले की चालकाचा परवाना आला, आणि अर्जदाराला आयुष्यात कोणी सायकलही शिकवलेली नव्हती.

“खेळात आहे माझा परवाना,” ती म्हणाली. “अवजड वाहनाचा. भोंग्याने चारदा नापास केलं, मग मिळाला.”

“प्रत जोडा.”

पडद्यावरच्या परवान्याची छापील प्रत जोडण्यात आली आणि त्यानंतर संपूर्ण प्रकरणातून ‘खेळ’ हा शब्द लाल शाईने वगळण्यात आला. तो एकूण नऊ ठिकाणी होता. ‘भाऊ’ हा शब्द दोन ठिकाणी होता. त्याच्या जागी ‘लाभार्थी’ असे लिहिले गेले. लाभार्थी कुटुंबाबाहेरचा आहे काय, यावर थोडी चर्चा झाली; पण अर्जदाराचा चेहरा पाहून ती पुढील बैठकीपर्यंत स्थगित ठेवण्यात आली. समिती निर्दय नव्हती.

तांत्रिक मत घेण्यासाठी सून संगणकाच्या दुकानात गेली. दुकान दहा फूट लांब होते आणि त्यातले आठ फूट रिकाम्या खोक्यांनी व्यापलेले होते. दुकानदार मान वर न करता एका उघड्या यंत्राला फुंकर घालत होता.

“गेम कोणता चालवायचाय?”

“तो शब्द वगळलाय.”

दुकानदाराने मान वर केली.

“ट्रकचा,” ती हळूच म्हणाली. “माझ्या सासूबाईंना.”

“मग सोपं आहे. या वर्षीचं मधल्या दर्जाचं घ्या. मेमरी जरा जास्त असलेलं बघा, टिकण्याच्या दृष्टीने तेवढंच महत्त्वाचं. पॉवर सप्लाय जुना आहे, तो बदला. आणि नवी कार्डं लांब असतात, डब्यात बसतंय का ते पट्टीने मोजून या. संपलं.”

“किती वर्षं चालेल?”

“पाच-सहा वर्षं डोळे झाकून.”

“तसं लिहून द्याल?”

“डोळे झाकून लिहिता येतं का, ताई?”

विषय इथे संपला होता. चार वाक्ये, एक पट्टी आणि फार तर एक रिक्षा, एवढ्यात तो संपला होता. परंतु विषय संपतो तिथूनच कार्यवाहीला मोकळे मैदान मिळते. ‘पाच-सहा’ ही संख्या दहापेक्षा कमी आहे, हे समितीच्या तत्काळ ध्यानात आले.

साहेबांनी तुलनात्मक तक्ता हाती घेतला. त्यासाठी त्यांनी कार्डांवर मते देणाऱ्या तज्ज्ञांचे लेख वाचले, चित्रफिती पाहिल्या. या क्षेत्रातील विद्वत्ता पाहून एखाद्या पीठाचार्यानेही आसन सोडावे. तोच तज्ज्ञ वसंतात एका कार्डाला ‘पुढच्या दशकाची गुंतवणूक’ म्हणतो आणि शरदात त्याच कार्डाच्या धन्यांविषयी हळहळ व्यक्त करतो. मधल्या काळात कार्डात काहीही बदललेले नसते, तज्ज्ञाच्या टेबलावर नवे खोके आलेले असते. पडद्यावरचे चित्र सेकंदाला एकशे चाळीस वेळा बदलले तर जीवन असह्य आणि एकशे साठ वेळा बदलले तर जगण्यात अर्थ, असे छातीठोकपणे सांगणारी ही माणसे आहेत. अर्जदाराचा ट्रक ताशी साठच्या वेगाने जाई आणि तिला केवळ पुढचे वळण आणि भावाचे मागचे दिवे दिसायला हवे होते. मागचे दिवे दिसतात की नाही, याचा रकाना तक्त्यात नव्हता. बाकी एकेचाळीस रकाने होते.

तक्ता पूर्ण होण्यास साडेतीन आठवडे लागले. ज्या दिवशी साहेबांनी शेवटच्या चौकटीत शेवटचा आकडा भरला, त्याच दिवशी कार्डे बनवणाऱ्या कंपनीने नवी पिढी जाहीर केली. तक्त्यातील सर्व कार्डे एका दुपारीत मागच्या पिढीची झाली.

“मग मागच्या पिढीचं घेऊ या,” सून म्हणाली. “आपल्या घरात मागच्या पिढीचंच चालतं.”

हे वाक्य इतिवृत्तात घेण्यात आले नाही. तक्ता मुळापासून पुन्हा सुरू झाला.

इकडे चार वाजता ट्रक निघत, वळणावर थिजत आणि शेतात उतरत. “ताई, आज पुन्हा सिमेंट पेरलंस,” भोंग्या म्हणायचा. मग त्याला खोकला यायचा. खोकला थांबेपर्यंत ती ट्रक बंद करून बसायची आणि पडद्यावर पुढच्या ट्रकचे दिवे लुकलुकत राहायचे. “कार्डाचं काय झालं ग?” तो एकदा म्हणाला. “भाऊजींना म्हणावं, टायर बदलायला आम्ही निविदा काढत बसलो असतो तर माल अजून जकातनाक्यावरच असता.”

“चाललंय,” ती म्हणाली. “त्यांना चांगलंच आणायचं आहे.”

हे ती मनापासून म्हणाली होती, आणि ते खरेही होते. अशा प्रकरणांतली अडचण हीच असते की त्यात कोणाचाही हेतू वाईट सापडत नाही.

सूनबाईंचा धीर आठव्या आठवड्यात सुटला. कामावरून येताना तिने स्वतःच्या पगारातून दुकानदाराने सांगितलेले कार्ड आणि पॉवर सप्लाय विकत आणले आणि दोन्ही खोकी टेबलावर ठेवली. दुर्दैवाने ती खिडकीकडच्या बाजूला ठेवली गेली.

साहेबांनी खोक्यांकडे पाहिले. मग आवक नोंदवहीकडे पाहिले. “याची मागणी कुठे आहे?”

“आई दोन महिने मागतायत, बाबा!”

“कार्डाची मागणी आहे. या कार्डाची मागणी आहे का?”

लेखापरीक्षकांना बोलावण्यात आले. त्यांनी खोक्यांना हात न लावता त्यांच्याभोवती एक फेरी मारली. “थेट खरेदी,” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जवळजवळ कौतुक होते. “छत्तीस वर्षांत आज पहिल्यांदा काहीतरी सापडलं. साहेब, माफ करा, पण हे मी लिहिणार.”

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. ज्या विक्रमावर निरोपसमारंभात टाळ्या पडल्या होत्या तो त्यांच्याच जेवणाच्या टेबलावर, त्यांच्याच सुनेच्या हातून मोडणार होता. खोकी मोहोरबंद ठेवून चौकशी करावी, असे ठरले. चौकशीत खोकी उघडता येत नाहीत. दुकानाचा परत घेण्याचा अवधी सात दिवसांचा होता. सात दिवस ती खोकी टेबलावर होती. जेवताना पाण्याचे भांडे त्यांना वळसा घालून पुढे सरकवले जाई. अर्जदार येता-जाता त्यांच्यावरून फडके फिरवत असे, आणि एकदा तिने कान लावून कार्डाचे खोके हलवूनही पाहिले.

“आई, मी आत्ता उघडते आणि बसवते,” सून स्वयंपाकघरात म्हणाली. “दहा मिनिटांचं काम आहे. चार स्क्रू.”

“नको ग. उगाच घरात वाद नको. सात दिवसांचा तर प्रश्न आहे.”

आठव्या दिवसाच्या आदल्या सकाळी खोकी दुकानात परत गेली. दुकानदाराने ती घेताना काही विचारले नाही. त्याचे एक मामाही कोणत्याशा कार्यालयातून निवृत्त झाले होते.

या प्रसंगाने समिती खडबडून जागी झाली. एक तारखेला अठरा दिवस उरले होते. लेखापरीक्षकांनी नस्ती, म्हणजे कागदांची फाइल, पहिल्यापासून वाचली, सातव्या रकान्यापाशी थांबले आणि एका क्षणात त्यांनी प्रकरणाचा उलगडा केला.

“साहेब, आपण चुकलो. ‘दहा वर्षे टिकेल’ हे काय आहे? भाकीत. दुकानदाराचं, नाहीतर त्या तज्ज्ञांचं. भाकितावर सही करता तुम्ही?”

“कधीच नाही.”

“मग पुरावा कशाला म्हणायचं? ‘दहा वर्षे टिकले’ याला. भूतकाळ. जे कार्ड दहा वर्षं टिकलेलं आहे, तेच दहा वर्षं टिकणारं आहे, असं कागदावर सिद्ध करता येतं. बाकी सगळी आश्वासनं.”

युक्तिवाद बिनतोड होता. बाजारातील एकूण एक नवी कार्डे एका वाक्यात अपात्र ठरली होती, कारण त्यांतले एकही दहा वर्षांपूर्वी अस्तित्वात नव्हते. मग दहा वर्षे चालून अजून चालू असलेले, तेही नियमित देखभालीच्या लेखी पुराव्यासह, असे कार्ड कुठे मिळणार?

साहेब उठले, कपाटाशी गेले आणि एक वही घेऊन आले. अकरा वर्षे, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, मुलाच्या संगणकातील कार्डावरची धूळ त्यांनी ब्रशने झाडली होती आणि प्रत्येक वेळी तारीख घालून सही केली होती. एकशे बत्तीस सह्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते.

“हेच ते,” ते म्हणाले.

“बाबा,” सून म्हणाली, “ते आपलंच कार्ड आहे. आईंना तेच बदलायचंय.”

“म्हणून तर अडचण आहे,” लेखापरीक्षक गंभीरपणे म्हणाले. “स्वतःच्या मालकीची वस्तू खरेदी करता येत नाही. आधी तिचं निर्लेखन करावं लागेल.”

निर्लेखन म्हणजे वस्तू निरुपयोगी ठरवून दप्तरातून काढून टाकणे. त्याप्रमाणे एक तारखेला अकरा दिवस असताना दुपारी तीन वाजता संगणक उघडून कार्ड बाहेर काढण्यात आले आणि ‘सदर कार्ड जीर्ण, कालबाह्य व पूर्णतः निरुपयोगी आहे’ असा दाखला साहेबांनी दिला. मग ते भंगार म्हणून दुकानदाराच्या हवाली करायचे, त्याने ते विक्रीस मांडायचे आणि समितीने ‘उपलब्ध पर्यायांत सर्वोत्तम’ म्हणून ते निवडायचे, असा क्रम ठरला. दोन्ही दाखल्यांवर एकच सही येणार होती. त्यात विसंगती नव्हती, कारण ते वेगवेगळ्या पानांवर होते. फक्त विक्रीस मांडल्यानंतर इतर इच्छुकांना संधी म्हणून पंधरा दिवस थांबणे नियमात होते.

पंधरा हे अकरापेक्षा जास्त असतात. ही बाब समितीसमोर कोणीही लेखी आणली नाही.

त्या दिवशी चार वाजता पडदा काळा होता. सव्वाचारला फोन वाजला.

“ताई, मी डेपोत उभा आहे. तू कुठेस?”

“कार्ड काढलंय रे. बदलायला.”

“अरे वा! म्हणजे झालं एकदाचं. मग मी थांबतो.” मागे खेळातल्या इंजिनाची घरघर ऐकू येत होती. “इंजिन चालू ठेवू की बंद करू?”

“ठेव चालू,” ती म्हणाली. “येतेच.”

दुसऱ्या दिवशीही तो डेपोत होता, आणि तिसऱ्याही. पाचव्या दिवशी त्याने विचारले की नवे कार्ड कोणते आहे. ती म्हणाली, खूप टिकाऊ आहे, दहा वर्षे बघायला नको. तो हसला, मग खोकला. “दहा,” तो शेवटी म्हणाला. “बापरे. मग मला थांबावं लागणार.”

एक तारखेला जुनी आवृत्ती बंद झाली. भोंग्याच्या यंत्रावर नवी आली. त्याने डेपोत ट्रक लावला आणि वाट पाहिली. चार तारखेला पंधरा दिवस पूर्ण झाले, परंतु त्या दिवशी सुट्टी निघाली. सहा तारखेला सकाळी भावजयीचा फोन आला.

“ताई, गेले हो. डायलिसिसला नेतानाच.” मग ती म्हणाली, “ते मशीन चालूच आहे. मला बंद करता येत नाही. कुठलं बटण दाबू?”

तिने एकतीस वर्षे लोकांना कुठे काय जोडलेले आहे ते सांगितले होते. तिने भावजयीला बटण सांगितले. मग फोन ठेवला आणि खिडकीकडच्या खुर्चीत जाऊन बसली. साहेबांनी तिला पाणी आणून दिले. ‘अगं’ म्हणावे की ‘अर्जदार’, हे त्यांना त्या खुर्चीमुळे कळेना, म्हणून ते काहीच म्हणाले नाहीत.

कार्ड नऊ तारखेला रीतसर घरी आले. ते बसवून चाचणी घेण्यात आली. प्रकरणात ‘खेळ’ हा शब्द कुठेच नसल्यामुळे खेळ लावून पाहण्याचा प्रश्न उद्भवला नाही. तुलनात्मक तक्ता पडद्यावर उघडून पाहण्यात आला, त्याचे एकेचाळीस रकाने स्वच्छ दिसले. समितीने कार्ड विनिर्देशांनुसार असल्याचे प्रमाणित केले. ‘लाभार्थी उपलब्ध नसल्यामुळे उर्वरित कार्यवाहीची आवश्यकता नाही’, असा शेरा मारून नस्ती बंद करण्याचे ठरले. इतिवृत्ताच्या त्या पानावर सूनबाईंनी काही लिहिले नाही. पेन टेबलावर टाकून ती सासूजवळ जाऊन उभी राहिली. कोरे पान नस्तीत जसेच्या तसे लावले आहे.

कार्ड आजही सुस्थितीत आहे. पहिल्या शनिवारी त्याच्यावरची धूळ झाडली जाते. ते आणखी दहा वर्षे सहज टिकेल, असे म्हणता येईल. पण ते भाकीत होईल.

नस्ती अंतिमतः बंद करण्यापूर्वी तिची प्रत आक्षेपांसाठी खुली ठेवावी लागते. ती प्रत आपण आत्ता वाचून संपवत आहात. सूनबाईंचे आक्षेप तोंडी होते, म्हणून धरलेले नाहीत. आपला एकही नाही. सातवा रकाना भरला गेला तेव्हाच आपल्याला सर्व काही कळले होते : कोणासाठी, किती दिवसांसाठी. त्यानंतर तक्ता झाला, खोकी आली, खोकी गेली, कार्ड निघाले, कार्ड आले. प्रत्येक टप्प्यावर आपण पुढे काय गंमत होते ते पाहायला थांबलात, आणि दोन-चार ठिकाणी हसलातही. साहेबांचा विक्रम अबाधित आहे. आपली सही नसली तरी चालेल. एकमत असले की ती लागत नाही.